प्रेषित बार्थोलोम्यू आणि कल्याण : एक चिकित्सा

पनवेलच्या उत्तरेस असलेले कल्याण हेच प्रेषित बार्थोलोम्यूचे कार्यक्षेत्र होय, असे फादर पेरुमालिल यांनी 1952 साली प्रतिपादिले. त्यांची भिस्त मुख्यतः नामसाम्यावर आहे : आख्यायिकेतील ‘पोलिमियस’ राजा म्हणजे सातवाहन पुळुमावी, आणि ग्रीक परंपरेतील ‘सुखी’ हिंदी लोक म्हणजे कल्याणवासी. परंतु ध्वनिसाम्याला कालाची जोड लागते. नाशिक व कार्ले येथील लेखांतून ज्याची साक्ष मिळते, तो वासिष्ठीपुत्र पुळुमावी दुसऱ्या शतकातला. त्याआधीचा पुळुमावी शोधावयाचा, तर पुराणांच्या याद्यांवरच विसंबावे लागते. शिवाय विशेषणाचे भाषांतर म्हणजे स्थलनिश्चिती नव्हे.

याउलट, सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक लेखकाने ‘कल्लिआना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. हे स्थळ सामान्यतः कल्याणच मानले जाते. गोव्यात आगशीजवळ 2001 साली सापडलेल्या क्रुसावर पहलवी लेख आहे. दोन्ही पुरावे इराणशी असलेला संबंध सुचवितात. तथापि येथेही सावधगिरी हवी. कान्हेरीतील इ. स. 1009 व 1021 चे पहलवी लेख झरतुष्ट्री प्रवाशांचे आहेत. तेव्हा केवळ लिपीवरून धर्म ठरविता येणार नाही.

पुरातत्त्व श्रद्धेला समुदाय, स्थळ व काळ यांचा आधार देऊ शकते. प्रेषिताचे आगमन सिद्ध करण्यास याहून निराळा पुरावा लागेल. श्रद्धावंतांनी ही उणीव मानू नये. कच्च्या व्युत्पत्तीवर उभारलेली परंपरा एखाद्या शिलालेखानेही ढासळते. कल्याणच्या त्या ख्रिस्ती समुदायाचा शोध मात्र अधिक भक्कम भूमीवर उभा आहे.