‘श्यामची आई’ : शिक्षा आणि न्याय

नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक वात्सल्याची पोथी म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. या भाविकतेमुळे एक अवघड प्रश्न मात्र बाजूला पडतो : आईची शिक्षा न्याय्य असते काय?

पोहण्याचा प्रसंग घ्यावा. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई शिंपटीने मारून त्याला पोहावयास धाडते. मुलाला जगाने भित्रा म्हणू नये, हा तिचा हेतू. त्याविषयी शंका नाही. परंतु मुलाच्या भीतीची कैफियत त्या वेळी कोणी ऐकून घेतली? मागाहून आई त्याला मायेने जवळ करते आणि आपले मन उघड करते. तिची थोरवी या उघडपणात आहे, मारात नव्हे. ‘मुकी फुले’मध्ये कळ्या खुडल्याबद्दल ती कारण देऊन समजावते, ती शिकवण अधिक खोल जाते.

कथनाची घडणही ध्यानात घ्यावयास हवी. ४२ रात्री बोलणारा श्याम प्रौढ आहे आणि आई हयात नाही. अपराधी मुलाची साक्ष येथे कृतज्ञ पुत्र देतो. साहजिकच निकाल आधी ठरलेला असतो. तथापि तो मारही झाकीत नाही आणि स्वतःचे दोषही लपवीत नाही. या सचोटीमुळेच आईविषयी आदर बाळगूनही वाचकाला मुलाची बाजू घेता येते. पोथीला हे स्वातंत्र्य नसते, साहित्यकृतीला असते.