साभार परत : नवलेखकाची शाळा

लेखन शिकता येते का, आणि लिहिलेले छापून कोठे येते, हे दोन प्रश्न आपल्याकडे नेहमी वेगवेगळे विचारले जातात. पहिल्याचे उत्तर समीक्षक देतात, दुसऱ्याचे प्रकाशक. या फारकतीने नवलेखकाचे नुकसान झाले आहे असे मला वाटते. जुनी नियतकालिके चाळताना माझे मत असे बनत गेले की लेखक आधी पुरता तयार झाला आणि मग त्याला संधी मिळाली, असे मराठीत क्वचितच घडले. बहुतेकांना संधीनेच शिकवले. मी विद्यापीठातला माणूस नाही. सरकारी कचेरीत कारकुनी करून उरलेल्या वेळात रद्दीच्या दुकानांतून अंक गोळा करणारा वाचक आहे. त्यामुळे जे वाचले त्याच्या आधारे लिहितो, आणि शेवटी एक-दोन पुरावे स्वतःचेही जोडतो.

ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली आले. लेखक जन्मावा लागतो, या समजुतीला त्या पुस्तकाने उघड आव्हान दिले. कथानक, पात्रे, गुंफण, निवेदन यांचा तंत्र म्हणून विचार करता येतो आणि तो शिकताही येतो, हे फडक्यांनी ठामपणे मांडले. पंचविशीत मी त्यातली पानेच्या पाने वहीत उतरवून काढली होती. ते ऋण मोठे आहे. पण आज ते पुस्तक वाचताना एक उणीव जाणवते. त्यातला लेखक मेजाशी एकटा बसलेला आहे. त्याचे लिहिलेले कोणी वाचेल, मध्येच अडेल, परत पाठवेल आणि त्यातून त्याचे लेखन बदलेल, याला त्या विचारात फारसे स्थान नाही. पुढे आलेल्या बहुतेक लेखन-मार्गदर्शनाने हीच उणीव वारशाने घेतली.

याउलट साने गुरुजींचे उदाहरण पाहा. ‘श्यामची आई’ त्यांनी फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. आपण ती प्रतिभेचा चमत्कार म्हणून सांगतो. पण त्याआधी १९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, वसतिगृह सांभाळत होते आणि मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत होते. दैनिक म्हणजे रोज लिहिणे आले. ते छापले जाणार नव्हते, पण वाचणारी मुले भिंतीपलीकडेच राहत होती. मजकूर मुलांना कंटाळवाणा झाला तर ते लेखकाला त्याच दिवशी कळणार. ‘श्यामची आई’ची प्रकरणे ‘रात्री’ आहेत. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना समोर बसवून बोलतो. ही रचना तुरुंगात अचानक सुचली असेल असे मला वाटत नाही. समोर बसलेल्या मुलांसाठी लिहिण्याचा सराव तिच्यामागे आहे. पाच दिवसांच्या मागे वसतिगृहातली काही वर्षे उभी आहेत.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ पुस्तकरूपाने आली १९४९ साली. त्यातली व्यक्तिचित्रे आधी साप्ताहिक ‘मौज’मधून येत होती. शालेय शिक्षण अर्धवट सुटलेला विशी-बाविशीचा तरुण ती लिहीत होता. धर्मा रामोशी, झेल्या, मुलाण्याचा बकस ही माणसे थोडक्यात उभी राहतात आणि लेखक त्यांच्यावर भाष्य न करता बाजूला होतो. हा संयम स्वभावाचा आहे हे खरेच. पण साप्ताहिकाची जागा मोजकी असते आणि पुढचा अंक ठरल्या दिवशी निघतो, याचाही त्यात वाटा असावा. त्या जागेत माणूस बसवायचा तर पाल्हाळ टाकावाच लागतो. संधीची मर्यादा हीच येथे कौशल्याची तालीम ठरली.

‘सत्यकथा’ हे या शाळेचे सर्वांत परिचित नाव. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी संपादकाचे काम निवड करण्यापुरते ठेवले नाही. लेखकाशी पत्राने बोलणे हाही त्यांनी संपादनाचाच भाग मानला. धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर राहूनही मराठी कथेच्या मध्यभागी होते, ते पोस्टाच्या बळावर. आमच्या पिढीपर्यंत हस्तलिखितासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट जोडण्याची पद्धत होती. ‘साभार परत’ हे दोन शब्द कित्येकांच्या आयुष्यात कडू आठवण म्हणून राहिले. पण परत येण्यासाठी कोणीतरी आधी वाचलेले असते, हे आपण विसरतो.

येथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख स्मरणरंजन ठरला असता. कारण या शाळेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. ‘शब्द’, ‘असो’ यांसारखी अनियतकालिके निघाली, आणि १९६९मध्ये ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी झाली, त्यामागे केवळ तरुणांचा उतावीळपणा नव्हता. शिकवणारा संपादक आपली अभिरुचीही शिकवतो, आणि ज्यांचे जगणे त्या अभिरुचीत बसत नाही त्यांना ‘अजून तयारी नाही’ असे सांगितले जाते, हा तो आक्षेप होता. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ने त्याला कृतीने उत्तर दिले. त्यांनी नुसती छापायला जागा दिली नाही. लेखक-वाचक मेळावे भरवले. म्हणजे नव्या लेखकाला त्याचे बोलणे समजणारा वाचकही मिळवून दिला.

आणखी मागे गेले तर मुक्ता साळवे भेटते. फुले दांपत्याच्या शाळेतली ही विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. धर्मग्रंथ वाचण्याचा ज्यांना अधिकारच नाही त्यांचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न ही मुलगी विचारते. युक्तिवादाची तिची पकड आजही थक्क करते. पण तिचा हा एकच निबंध आपल्याला माहीत आहे. ‘पहिली दलित लेखिका’ म्हणून आपण तिचा गौरव करतो. तिचा दुसरा निबंध का नाही, हे फारसे विचारत नाही. शाळेने तिला अक्षर दिले, नियतकालिकाने एकदा जागा दिली. लेखक घडायला ती जागा पुन्हा पुन्हा मिळावी लागते.

आता माझा पुरावा. एकोणतिसाव्या वर्षी मी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून स्वतःचे लेखांचे पुस्तक छापून घेतले. पाचशे प्रती. त्यांतल्या साडेतीनशे अजून माळ्यावर आहेत. त्या पुस्तकाने मला काहीही शिकवले नाही, कारण ते कोणी परत केले नाही. पुढल्या वर्षी एका मासिकाकडे पाठवलेला लेख परत आला. सोबत संपादकांच्या हातच्या सहा ओळी होत्या. त्यांतली एक अशी : “तिसऱ्या पानावर तुम्ही स्वतः बोलू लागता, पहिली दोन पाने कोणाची आहेत?” तीन महिने मी रागात होतो. मग ती दोन पाने फाडली. लेख छापून आला.

पण वहीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही वर्षांनी एका जिल्हापातळीच्या दिवाळी अंकासाठी मी कथा वाचून देत असे. एका मुलाची कथा मी ‘बोली फार झाली’ असा शेरा मारून परत केली. त्याने पुन्हा काही पाठवले नाही. ती कथा आज माझ्यापाशी नाही, पण त्यातली विहिरीवर मोटार उतरवणारी माणसे डोळ्यांपुढून जात नाहीत. बोली फार झाली नव्हती. माझे वाचन कमी पडले होते. मला मिळालेल्या सहा ओळी मी त्याला देऊ शकलो असतो. मी तीन शब्द दिले.

यंदा ज्येष्ठात आमच्या गावच्या वाचनालयात एक तरुणी आली. शिकवणी घेते, दहा कथा लिहिल्या आहेत. एका प्रकाशकाने पैसे भरल्यास तीनशे प्रती काढून देण्याचे कबूल केले होते आणि आईच्या भिशीचे पैसे तयार होते. “काका, एवढी प्रस्तावना द्या,” म्हणाली. मी बाड ठेवून घेतले. कथा कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जाणाऱ्या बायकांच्या. पहिल्या कथेत चार पाने सूर्यास्त होता आणि बायका पाठ्यपुस्तकासारख्या बोलत होत्या. सहाव्या कथेत मात्र मुकादम गोण्या कमी मोजतो आणि कोणी बोलत नाही, एवढेच होते. ते जिवंत होते. मी विचारले, “तो कमी मोजतो तेव्हा आई घरी येऊन काय म्हणते?” ती भडाभडा बोलली, आईच्या शब्दांत. मग थांबून म्हणाली, “पण असलं कुठं छापतात का?”

या प्रश्नात कौशल्य आणि संधी दोन्ही अडकलेली आहेत. आपली भाषा छापली जात नाही, या भीतीने ती सूर्यास्त लिहीत होती. ‘रोज लिहा, भरपूर वाचा’ हा सल्ला येथे अपुरा पडतो, आणि पैसे भरून काढलेले पुस्तक तर तिच्या सूर्यास्तावर शिक्काच मारते.

मी तिला जे सांगितले ते साधे आहे. ज्या अंकाकडे पाठवायचे त्याचे मागचे दोन-तीन अंक आधी वाचायचे. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा कथा आश्विनात पाठवून उपयोग नाही. कथा एकेक करून पाठवायची, बाड नाही. पुस्तकाची वेळ आली तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. पहिल्या पुस्तकासाठी आईची भिशी मोडण्याआधी तिची चौकशी करावी. आणि खळ्यावरच्या दोघी बायकांना कथा वाचून दाखवावी. त्या जेथे हसतील किंवा गप्प होतील तेथे खूण करावी. गुरुजींच्या वसतिगृहाचे काम त्या बायका करतील.

उरलेले काम आपले, म्हणजे हा अंक हाती धरून बसलेल्यांचे आहे. छापण्याच्या जागा आज कधी नव्हत्या एवढ्या आहेत. वाचून परत करणारे हात कमी झाले आहेत. १९०९ साली ‘मनोरंजन’कार काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा आपण अभिमानाने मिरवतो. तिचा खरा हिशेब मला अंकांच्या संख्येत दिसत नाही. किती नवलेखकांना सहा ओळींचे उत्तर गेले, यात दिसतो.

त्या मुलीने सहावी कथा पुन्हा लिहिली आणि दोन ठिकाणी पाठवली. एकीकडून नकार आला, शेऱ्याविना. दुसरीकडून हा लेख लिहीपर्यंत काहीच आले नाही. भिशीचे पैसे अजून आईकडेच आहेत. परवा ती पुन्हा वाचनालयात येऊन गेली. बाडातला क्रम बदलला आहे : सूर्यास्त गेला, आणि सहावी कथा आता पहिली आहे.