लुइझियानाच्या विधवा : दप्तरातील आणि कादंबरीतील

घरधन्याचा अंत झाला की कादंबरीकार बहुधा प्रकरण संपवितो. कारकुनाचे प्रकरण मात्र तेथूनच सुरू होते. अठराव्या शतकातील फ्रेंच लुइझियानात हा कारकून फार लवकर येई. न्यू ऑर्लिन्सच्या वरिष्ठ कौन्सिलाच्या अमलात एखादा गृहस्थ वारला म्हणजे त्याच्या पेट्यांवर व कपाटांवर लाखेच्या मोहरा बसत. पुढे साक्षीदारांसमक्ष त्या फोडल्या जात आणि मोजदाद सुरू होई : खाट, मच्छरदाणी, तांब्याची भांडी, गुरे, जमीन. त्याच कागदावर, त्याच शाईने, गुलाम माणसेही लिहिली जात. नाव, वय, अंगचे कसब, दुखणे आणि किंमत. विधवा बाजूला उभी असे. कागदाच्या शेवटी तिची सही येई, किंवा सही येत नसल्याची नोंद.

या कौन्सिलाच्या दप्तराचे गोषवारे लुइझियानातील इतिहासविषयक त्रैमासिकाने 1917 पासून छापण्यास आरंभ केला. ते वाचीत असता त्याच भूमीवरच्या दोन लेखकांच्या कादंबऱ्या आम्ही पुन्हा हाती घेतल्या : जॉर्ज वॉशिंग्टन केबल यांची 'द ग्रँडिसिम्स' (1880) आणि केट शोपॅन यांची 'ॲट फॉल्ट' (1890). दोन्हींत मृत पतीच्या इस्टेटीचा प्रश्न आहे, दोन्हींत देखणी, तरुण विधवा आहे. आणि दोन्हींतून नेमकी तीच गोष्ट गळाली आहे, जिने दप्तराची पाने भरली आहेत. ती कशी गळाली, हे पाहण्यासाठी आरंभी थोडा कायदा सांगणे भाग आहे. वाचकांनी तेवढे सोसावे.

फ्रेंच अमलात येथे पॅरिसचा रूढिसंग्रह चाले. विवाहाबरोबर पतिपत्नींची समाईक मिळकत सुरू होई. पती जिवंत असेतो तिचा कारभारी तोच. पण त्याने डोळे मिटताच तिचे दोन भाग पडत, आणि अर्धा भाग विधवेच्या मालकीचा होई. ती पोटगी नव्हे, कोणाची कृपाही नव्हे. कर्ज डोईजड असेल तर समाईक मिळकतीवर पाणी सोडून तिला कर्जातूनही मोकळे होता येई. उरलेला अर्धा मुलांचा. मुले पंचविशीपर्यंत अज्ञान मानली जात, म्हणून नातलगांची आणि स्नेह्यांची सभा भरे व पालक नेमी. पालक बहुधा आईच होई. मात्र तिच्यावर लक्ष ठेवण्यास एक उपपालक असे, आणि मुले वयात आली की पै-पैचा हिशेब त्यांना द्यावा लागे. म्हणजे आपल्याच पोटच्या मुलांची ती आई होती आणि जबाबदार खजिनदारही.

1769 मध्ये स्पेनच्या ओरायली या गव्हर्नराने कौन्सिल मोडून कबिल्डो स्थापिले. कायदा स्पॅनिश झाला, पण विवाहकाळात मिळविलेल्या संपत्तीत पत्नीचा अर्धा हिस्सा राहिला. 1803 मध्ये हा मुलूख अमेरिकेने विकत घेतला. 1808 च्या संहितेत आणि 1825 च्या दिवाणी कायद्यात हीच चौकट कायम राहिली. अज्ञानाची मर्यादा तेवढी 21 वर्षांवर आली. कुटुंबसभेस किमान पाच आप्त लागत, आप्त नसतील तर स्नेही. मुलांच्या रकमेसाठी पालकाची स्वतःची मिळकत कायद्यानेच गहाण पडे. विधवेस पुन्हा विवाह करावयाचा असेल तर आधी न्यायाधीशाकडून कुटुंबसभा बोलवावी लागे; तसे न करता लग्न लागले तर पालकत्व आपोआप संपे. शेजारच्या राज्यांत इंग्रजी कायदा होता. तेथे विधवेच्या वाट्याला जमिनीच्या तिसऱ्या हिश्शाचा हयातीपुरता उपभोग येई, आणि जुन्या इंग्रजी कायद्याने बाप मृत्युपत्राद्वारे आईस डावलून मुलांना परका पालक नेमू शके. त्या मानाने लुइझियानाची विधवा पुष्कळच सुखी, असे प्रथमदर्शनी वाटते. तिला हक्क होता. त्या हक्काबरोबर पाचजणांची सभा होती.

(आपल्यापैकी जे पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिले, त्यांना हे प्रकरण अगदीच परके वाटू नये. 1956 च्या कायद्यापूर्वी स्थलांतर केलेले हिंदू कुटुंब आपल्या मूळ प्रांताचा दायभाग बरोबर नेते, असेच न्यायालये गृहीत धरीत. लुइझियानात उलट झाले : राजे बदलले, कायदा मातीला चिकटून राहिला आणि नव्याने येणाऱ्यास त्याने आपल्यात ओढले.)

आता केबल यांच्याकडे वळू. त्यांची कादंबरी 1803-04 च्या न्यू ऑर्लिन्समध्ये, म्हणजे अमेरिकेचे निशाण चढत असतानाच घडते. ऑरोरा नॅनकानू ही विधवा, क्लोटिल्ड ही तिची तरुण मुलगी. ऑरोराच्या पतीने फॉस रिव्हिएरचा मळा जुगारात ॲग्रिकोला फ्यूझिलिए या मानी वृद्धापाशी हरला, फसवणुकीचा आरोप केला आणि द्वंद्वात तो मारला गेला. मळा ॲग्रिकोलाच्या घराण्याकडे गेला. पुढे हा गृहस्थ विधवेस कळवितो : खेळ सचोटीचा होता असे लिहून द्या, मळा परत घ्या; न द्याल तर आमच्या अब्रूसाठी तो आम्हांस ठेवणे भाग आहे. ऑरोरा लिहून देत नाही. मायलेकी घरभाड्याच्या विवंचनेत दिवस काढतात, आणि अखेरीस ग्रँडिसिम घराण्याचा कर्ता ऑनोरे आपल्या आप्तांचा रोष पत्करून मळा परत करतो.

हा प्रसंग केबल यांनी उत्तम रंगविला आहे यात शंका नाही. वृद्धाच्या त्या प्रस्तावात एका संपूर्ण समाजाचा विनोदी आणि भयंकर चेहरा आहे : दुसऱ्याची जमीन गिळावयाची, आणि गिळण्याचे प्रमाणपत्र तिच्याचकडून मागावयाचे. विधवेच्या इस्टेटीचा आणि साऱ्या लुइझियानाच्या मालकीहक्काचा प्रश्न लेखकाने एकत्र गुंफला आहे. नव्या राजवटीत कोणाचा दस्तऐवज टिकेल या भीतीने ते सारे घराणे ग्रासलेले आहे. असे असता आमची तक्रार वेगळीच आहे. नवरा मेल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑरोराच्या दारी कोण आले? मोहरा कोणी लावल्या? क्लोटिल्डचा उपपालक कोण होता? बापाच्या पाठीमागे अज्ञान मुलगी राहिली असता तो जुगारातील व्यवहार कुटुंबसभेपुढे कोणी मांडलाच नाही काय? कायद्याच्या दृष्टीने या कादंबरीत आई आणि मुलगी असे दोन पक्ष आहेत, दोघींचे हितसंबंध वेगळे आहेत; कादंबरी मात्र दोघींना एकाच दारिद्र्यात गुंडाळते आणि शेवटी एकाच सुखात सोडते. जो प्रश्न हक्काचा होता तो दोन पुरुषांच्या अब्रूचा होतो : एकाची अब्रू मळा ठेवण्यात, दुसऱ्याची तो देण्यात. मळा देणाराच पुढे ऑरोराचा पती व्हावयाचा, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या औदार्याची झळाळी थोडी उतरते.

केबल यांना हे माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. त्यांचे वडील 1859 मध्ये वारले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. शाळा सोडून आईच्या संसारास त्यांनी हातभार लावला. जुने कोर्टाचे कागदही त्यांनी चाळलेले होते. 'लुइझियानाच्या विलक्षण सत्यकथा' (1889) या संग्रहातील सालोमे म्यूलरची हकिकत अशाच खटल्यावर उभी आहे. शिवाय एक मोठे उदाहरण त्यांच्या शहराच्या मधोमध उभे होते. स्पॅनिश अमलातील धनाढ्य आंद्रेस अल्मोनेस्तर 1798 मध्ये वारले; मागे तरुण विधवा आणि 1795 मध्ये जन्मलेली मिकाएला ही मुलगी. 1804 मध्ये विधवेने पुन्हा लग्न केले, तेव्हा गावाने तिच्या दारापुढे तीन दिवस थाळ्या-भांडी बडवून, मुखवटे घालून, मृत पतीचे सोंग आणून धिंगाणा केला. मुलगी सोळाव्या वर्षाच्या आत फ्रान्समधील पोंताल्बा घराण्यात दिली गेली. तिच्या संपत्तीवरून सासरी वर्षानुवर्षे कलह चालला आणि 1834 मध्ये सासऱ्याने तिच्यावर पिस्तुलाच्या गोळ्या झाडून स्वतःचा प्राण घेतला. ती जगली, परत येऊन न्यू ऑर्लिन्सच्या मुख्य चौकात तिने ज्या तांबड्या विटांच्या जोडइमारती बांधल्या, त्या आजही उभ्या आहेत. केबल यांची कादंबरी ज्या काळात घडते, त्याच काळात तो तीन दिवसांचा गोंगाट त्या गल्ल्यांतून उठला होता. ऑरोराच्या गोड लाजण्यावर खर्ची पडलेली पाने या विधवेच्या वाट्याला यावयास हवी होती, असे आम्हांला राहून राहून वाटते.

केट शोपॅन यांची गोष्ट अधिक नाजूक आहे. त्या सेंट लुईच्या. माहेरी आई, आजी, पणजी अशा विधवांच्याच छायेत वाढलेल्या. 1870 मध्ये ऑस्कर शोपॅन यांच्याशी विवाह होऊन त्या लुइझियानात आल्या. प्रथम न्यू ऑर्लिन्स, 1879 पासून नॅकिटश परगण्यातील क्लूटियरव्हिल हे खेडे. डिसेंबर 1882 मध्ये ऑस्कर हिवतापाने गेले. मागे सहा मुले आणि सुमारे 12,000 डॉलरांचे कर्ज. जुन्या काळचा तोच कायदा आता त्यांच्या दारी आला. इस्टेटीची वहिवाट आणि स्वतःच्या सहा मुलांचे पालकत्व कायद्याच्या चौकटीतूनच मिळवावयाचे, यादी करावयाची, विकावे लागेल ते विकावयाचे, धनको भागवावयाचे. वर्षाहून अधिक काळ त्यांनी दुकान आणि जमिनी सांभाळल्या आणि 1884 मध्ये त्या आईकडे परतल्या. लेखन यानंतरचे.

पहिली कादंबरी 'ॲट फॉल्ट' त्यांनी पदरच्या खर्चाने छापली. तिच्या पहिल्याच परिच्छेदात पती मरतो. आणि मागे काय उरते? 4,000 एकरांचा मळा, ज्यावर एक पैचा बोजा नाही; आणि तिशीची विधवा तेरेझ लाफिर्म, जिला मूलबाळ नाही. आम्ही हे वाक्य वाचून थबकलो. ज्या बाईला सहा मुले आणि 12,000 डॉलरांचे देणे वारशात आले, तिने कागदावरची पहिली विधवा घडविताना आधी कर्ज पुसले, मग मुले पुसली. म्हणजे उपपालक नको, कुटुंबसभा नको, हिशेब नको. तेरेझ शोकात बुडते; रात्री माल चोरीस जातो हे कळताच उठते आणि कारभार हाती घेते. शोकातून माणूस कामामुळे उठते हे लेखिकेने स्वानुभवावरून लिहिले आहे, आणि म्हणून ती पाने खरी वाटतात. पुढे मात्र कादंबरी हॉस्मर या घटस्फोटित गृहस्थाच्या नैतिक पेचाकडे वळते, आणि तेरेझचे धनीपण गिरणी-बागेच्या देखाव्यापुरते उरते.

त्याच 1890 साली पुण्यास 'करमणूक' पत्रात हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?' सुरू झाली. तुलनेचा मोह आम्ही आवरतो. यमूपुढचा प्रश्न इस्टेटीचा नव्हता, देहाच्या विटंबनेचा होता.

शोपॅनबाईंची 1894 मधील सुप्रसिद्ध लघुकथा घ्या. आगगाडीच्या अपघातात पती गेल्याची वार्ता येते. श्रीमती मॅलर्ड खोलीचे दार लावून बसते आणि तिला कळते की आपण मोकळ्या झालो. ही कथा एका तासाची आहे. दुसरा तास असता तर मोजदादीचा माणूस आला असता. येथेही मुलांचा उल्लेख नाही. ही लेखिकेची भित्री पळवाट आहे, असे एका मित्राचे मत पडले. आम्हांला तसे वाटत नाही. मुले आणि कर्ज यांसह स्त्रीचे स्वातंत्र्य कसे दिसते हे त्यांना फार जवळून माहीत होते, आणि म्हणून ते बाजूला ठेवून निव्वळ स्वातंत्र्याकडे एकदा पाहावे अशी त्यांची इच्छा असावी. पुसलेली मुले 'द अवेकनिंग' (1899) मध्ये परत येतात. एड्नाला सारे सोडता येते : नवऱ्याचे घर, त्याचा पैसा, समाजाचा शब्द. दोन मुलगे मात्र तिच्या मनातून हलत नाहीत, आणि समुद्राकडे जाताना तीच तिला प्रतिपक्षासारखी समोर दिसतात. तेथे नवरा जिवंत आहे, पण पालकत्वाचा भार त्या जुन्या दप्तरातलाच.

या दोघांकडून एक हिशेब मात्र बाकीच राहिला. विधवेचा अर्धा आणि मुलांचा अर्धा, अशी वाटणी करावयाची म्हणजे गुलाम माणसांचीही करावयाची. 1825 च्या कायद्याने ती स्थावर मिळकत ठरविली होती. 1724 च्या फ्रेंच गुलाम-कायद्यात एकाच धन्याचे नवरा, बायको आणि लहान मुले यांस वेगवेगळे विकू नये असे लिहिले होते. पण मोठी झालेली मुले, भावंडे, म्हाताऱ्या आया यांस ते कलम झाकीत नव्हते. पोरक्या गोऱ्या मुलांच्या हितासाठी नेमलेली सभा दुसऱ्या मुलांना पोरके करून उठे. ग्वेंडोलिन मिडलो हॉल या विदुषीने अशाच यादींतून आणि खरेदीखतांतून 1719 ते 1820 या काळातील सुमारे 1,00,000 गुलामांच्या नोंदी जुळविल्या. केबल यांना या अन्यायाची जाण होती. ब्रा-कूपेची कथा त्यांनी कादंबरीच्या मध्यभागी ठेवली आणि 1885 मधील आपल्या लेखातून मुक्त झालेल्यांचा कैवार घेतल्यावर दक्षिणेने त्यांना परके केले. तरीही ब्रा-कूपे हा कैदी राजपुत्र आहे. यादीतील तेवीस वर्षांची धोबीण नव्हे.

ज्या वाचकांस या विषयात गोडी वाटेल त्यांनी 'ॲट फॉल्ट'ची पहिली प्रकरणे आणि 'द ग्रँडिसिम्स'मधील ऑरोराच्या भाड्याचे प्रसंग आधी वाचावेत. ॲग्रिकोलाच्या त्या अब्रूदार पत्राकडे मग यावे. कौन्सिलाच्या दप्तराचे गोषवारे मोठ्या ग्रंथालयांत मिळू शकतात. त्यांतील एखादी मोजदाद तरी शेवटच्या सहीपर्यंत वाचावी.