खाटा मोजल्या, पण बाईचं ऐकलं का? : स्त्रीरोग ओपीडीची मानकं वाचताना

संशोधनासाठी आरोग्यसेवेचा विषय घेणार असाल तर शासकीय मानकांची पीडीएफ लवकरच तुमच्या हातात पडेल. ती उघडल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: हे मानक नेमकं काय मोजतं?

त्यासाठी एक जुनी पण कामाची चौकट आहे. अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेची गुणवत्ता तीन अंगांनी बघायला सांगितलं. रचना म्हणजे जागा, माणसं, उपकरणं. प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्षात काय केलं. परिणाम म्हणजे पेशंटचं पुढे काय झालं.

आता आपली मानकं बघा. सरकारी दवाखान्यांसाठी भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं आहेत. ती २००७ ची, सुधारणा २०१२ आणि २०२२ मध्ये. सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, मनुष्यबळ किती, औषधं कोणती, असा त्यांचा मुख्य भर. म्हणजे रचना. ते चूक नाही. तपासणीचं टेबलच नसेल तर तपासणी होणार कुठे?

खासगीत गोष्ट आणखी तोकडी आहे. महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. पेशंटला ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा, ही त्याची कल्पना. नुसतं कन्सल्टिंग चालणारी खोली त्यात बसत नाही. क्लिनिकही कक्षेत घेणारा २०१० चा केंद्रीय कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणली, हे चांगलंच झालं. पण सनद भिंतीवर आहे का, हे तपासणं सोपं. ओपीडीत बाईला पर्याय सांगितले का, हे कोण तपासणार?

हा प्रश्न पुस्तकी नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. शासनाच्या समितीसाठी झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ‘पिशवी काढून टाका’ हा निर्णय ऑपरेशन थिएटरमध्ये होत नाही. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय, एवढं सांगायला बाई ओपीडीत बसते तिथे तो होतो. आणि नेमकी तीच पाच मिनिटं मानकांच्या नजरेतून निसटतात.

याची उलट बाजूही लक्षात घ्या. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या; ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार निघाला, पण आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. म्हणजे काही जणींना ओपीडीच मिळत नाही आणि काहींना मिळते ती थेट ऑपरेशनकडे नेणारी. खाटांची संख्या या दोन्हींतलं काहीच सांगत नाही.

आता सोलापूरकडे या. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर. हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, महिनोन् महिने फडावर राहतात, हंगाम संपला की जातात. तोडणी बुडवून ओपीडीत आलेल्या बाईला ‘पंधरा दिवसांनी परत या’ म्हटलं, तर ती येणार कशी? तिचा परिणाम मोजायचा तर दवाखान्याला तिच्या गावापर्यंत जावं लागेल.

त्यामुळे तुमच्या आराखड्यात ‘मानकांची पूर्तता किती टक्के’ एवढाच चल ठेवू नका. केसपेपरवर तक्रार कशी लिहिली, आतून तपासणी झाली का, ऑपरेशनआधी औषधोपचार करून पाहिला का, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला सांगितलं का, हे नोंदवा. नैतिकता समितीची मंजुरी आणि बाईची संमती घेऊन तिच्याशी बोला. केसपेपर आणि तिचं सांगणं जुळलं नाही, तर तो डेटा फेकू नका. तुमचा खरा प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.