भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील लैंगिक हिंसेचे चित्रण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
व्हिडिओ गेम हा आता केवळ मुलांच्या करमणुकीचा विषय राहिलेला नाही. ‘रोल-प्लेइंग’ म्हणजेच भूमिकाप्रधान गेममध्ये विस्तृत कथानक असते व खेळणारी व्यक्ती एका पात्राची भूमिका स्वीकारून त्याच्या वतीने निर्णय घेते. अशा कथानकात लैंगिक हिंसा दाखवावी काय, हा प्रश्न म्हणूनच समीक्षेच्या कक्षेत येतो. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आले, तेव्हा कलेतील हिंसा व अश्लीलता यांविषयी मराठीत मोठा वाद झाला. परंतु नाटकाचा प्रेक्षक घटना पाहतो. गेम खेळणारा त्या घटनेत कृती करतो. हा भेद महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात दोन गेमच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

सौदा आणि साक्ष :
बायोवेअर या कॅनडातील कंपनीच्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये (२००९) वेगळ्या वस्तीत कोंडलेल्या एल्फ जमातीतील पात्र निवडता येते. त्याच्या विवाहाच्या दिवशीच सरदारपुत्र व्हॉन वस्तीतील स्त्रियांना पळवून नेतो व शियानी या नात्यातील बहिणीवर बलात्कार होतो. प्रत्यक्ष कृत्य पडद्यावर येत नाही. सत्ताधाऱ्याला वस्तीतील स्त्री आपल्या मालकीची वाटते, हे वास्तव मात्र स्पष्ट होते. पुढे व्हॉन चाळीस सुवर्णमुद्रा देऊ करतो. त्या घेऊन, स्त्रियांना तेथेच सोडून निघून जाण्याचा पर्याय खेळणाऱ्यापुढे असतो. हा पर्याय खेळणाऱ्याची परीक्षा घेतो हे खरे. पण त्या परीक्षेत स्त्रीचे दुःख सौद्यातील वस्तू ठरते. तरीही कथा शियानीला विसरत नाही. उत्तरार्धात ती वस्तीवरील अन्यायाविरुद्ध लोकांना जागे करताना दिसते. या पुनरागमनामुळेच हे चित्रण समर्थनीय ठरते.

सूडापलीकडे :
ऑब्सिडियन या अमेरिकन कंपनीच्या ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’मध्ये (२०१०) बेट्सी ही सैनिक स्त्री कुक-कुक या टोळीप्रमुखाच्या अत्याचारातून वाचलेली आहे. घटना आधीच घडून गेली आहे. कथेला रस आहे तो तिच्या नंतरच्या जगण्यात. कुक-कुकला ठार करता येते, परंतु तो स्वतंत्र कामगिरीचा भाग आहे. बेट्सीला डॉक्टरकडे जाण्यास राजी करणे हे वेगळे काम आहे. सूड म्हणजे उपचार नव्हे, हे येथे कथेच्या रचनेतूनच सांगितले जाते. मर्यादाही नोंदवली पाहिजे : तिने होकार देताच खेळणाऱ्याला गुण मिळतात आणि तिची वेदना ‘पूर्ण झालेली कामगिरी’ बनते. हा दोष लेखकाचा कमी, या कलाप्रकाराच्या बक्षीसपद्धतीचा अधिक आहे.

निष्कर्ष :
सरसकट बंदी घातल्यास अत्याचारितांचे अनुभव कथेतून हद्दपार होतील. सरसकट मोकळीक दिल्यास ते नायकाला चेतवण्याचे साधन होतील. म्हणून निकष असा असावा : घटनेनंतर ती व्यक्ती स्वतःचे मन आणि निर्णय असलेले पात्र म्हणून उरते काय? आणि खेळणाऱ्याची निवड तिच्या देहाविषयी आहे, की तिच्याशी वागण्याच्या स्वतःच्या जबाबदारीविषयी? पूर्वसूचना व प्रसंग टाळण्याची सोय यांची जोडही हवी. हे गेम आपल्या वर्गातील विद्यार्थी खेळतात आणि त्यांच्यापैकी काहींनी असा आघात स्वतः सोसलेला असू शकतो. त्यामुळे या चित्रणाची चिकित्सा अध्यापकांनी आपल्या कक्षेबाहेरची मानू नये.