‘क्रिश ३’चा शेवट: शक्ती रक्तातली की निवडलेली?

मंडळी, सिनेमाच्या शेवटावर तत्त्वज्ञानाच्या मास्तराने कशाला बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण गोष्ट कुठे संपते, यावरून ती काय खरं मानते ते कळतं. म्हणून बोलतो.

राकेश रोशन यांचे तीन चित्रपट आहेत. २००३ चा ‘कोई मिल गया’, २००६ चा ‘क्रिश’ आणि २०१३ च्या दिवाळीत आलेला ‘क्रिश ३’. तिसऱ्याच्या सुराबद्दल तक्रार अशी, की एकीकडे विषाणूने माणसं मरतात आणि दुसरीकडे नाचगाणी. मला ती फारशी पटत नाही. आपल्या कीर्तनात हसणं आणि रडणं एकाच बैठकीत होतंच की! सूर बदलल्याने गोष्ट बिघडत नाही. सांगणं बदललं की बिघडते. आणि ते इथे अगदी शेवटी बदलतं.

चित्रपट आधी काय दाखवतो, ते बघा. खलनायक ‘काल’ हा रोहितच्याच डीएनएपासून झालेला, म्हणजे कृष्णाचा एका अर्थाने भाऊ. रक्त एक, वृत्ती दोन. काया प्रयोगशाळेत घडवलेली, ‘काल’च्या हुकमातली, तीही त्याच्याविरुद्ध उभी राहते आणि जीव गमावते. शिवाय चित्रपट आपल्याला सांगतो, की दुसऱ्याचे अश्रू पुसेल तो प्रत्येक जण क्रिश. या तिन्हींतून निष्कर्ष एकच निघतो. चांगुलपणा जन्माने मिळत नाही, तो निवडावा लागतो. रोहित मुलासाठी प्राण देतो, तीही निवडच.

आणि शेवट? सहा महिन्यांनी बाळ होतं, नाव रोहित, आणि त्याच्यातही ती अद्भुत शक्ती! म्हणजे आजोबा, बाप, नातू. दोन-अडीच तास ‘कोणीही क्रिश’ म्हणायचं आणि गादी मात्र घरातच ठेवायची.

कोणी म्हणेल, सर, शक्ती वेगळी आणि चांगुलपणा वेगळा. मान्य. पण मग शेवटची नजर शक्तीवरच का? पुढच्या भागाची सोय म्हणून? ती व्यापाराची गरज झाली, कथेची नव्हे.

नोलानच्या बॅटमॅन-त्रयीचा २०१२ मधला शेवट आठवा. ब्रूस वेन मेला की वाचला, यावरच लोक भांडत बसले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याची गुहा ब्लेकला मिळते. हा ब्लेक अनाथाश्रमात वाढलेला, पोलिसातला. रक्ताचं नातं शून्य. तो चित्रपट पुष्कळ ठिकाणी ढिला आहे, पण वारसा म्हणजे काय, हे त्याला नेमकं कळलंय.

आपण चिखलीत बसलोय. देहू-आळंदी इथून हाकेच्या अंतरावर. सावता माळी, गोरा कुंभार, चोखोबा यांची थोरवी कुळातून आली नाही, हे इथल्या पोरालाही सांगावं लागत नाही. ‘क्रिश ३’ मुलांचा चित्रपट आहे, एवढं काय मनावर घ्यायचं, असं म्हणतात. मुलांचा आहे म्हणूनच घ्यायचं. ज्याच्या आजोबाला कुठला परग्रहवासी भेटला नाही, त्या पोराला हा शेवट काय देतो? टाळ्या वाजवायची जागा. त्याला उभं राहायची जागा हवी होती.