वाफेचे स्वप्न आणि श्रमाचे वजन

'स्टीमपंक' ही संज्ञा कादंबरीकार के. डब्ल्यू. जीटर यांनी 1987 साली काहीशा थट्टेनेच योजिली. वाफेचे युग संपलेच नसते तर जग कसे दिसले असते, या कल्पनेवर ही शैली उभी आहे. पितळी नळ्या, दंतचक्रे, धुरकट आकाश ही तिची परिचित चिन्हे होत. अ‍ॅनिमेशनपटात सारेच रेखाटायचे असल्याने असे यंत्रजग तेथे सहज अवतरते. अडचणही याच सहजतेत आहे. रेखाटलेल्या यंत्राला मुळात वजन नसते. ते त्याला कोठून प्राप्त होते, हा या शैलीच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न होय.

हायाओ मियाझाकी यांच्या 'लापुता'मध्ये (1986) ते श्रमातून येते. आकाशातील नगरीच्या या कथेचा आरंभ खाणीच्या गावात होतो. जुन्या इंजिनातून वाफ गळत असते, उस्ताद ती थोपवतो आणि पोरसवदा पाझू कामगारांचा पिंजरा वर आणतो. वेल्समधील खाणवस्त्या आणि 1984-85च्या संपात हरलेले कामगार यांविषयीची मियाझाकींची आस्था या चित्रणामागे आहे. कात्सुहिरो ओतोमो यांचा 'स्टीमबॉय' (2004) 1866च्या इंग्लंडमध्ये घडतो. मँचेस्टरच्या कापडगिरणीतील त्याची सुरुवात आश्वासक आहे. परंतु पुढे लंडनवर तरंगणाऱ्या अजस्र यंत्रदुर्गाच्या थाटात गिरणी विस्मरणात जाते. रेखांकन अतुलनीय, तरी वाफ तेथे देखावा होऊन राहते.

कल्पनारम्य भासणाऱ्या यंत्रामागेही श्रम असतात, याची साक्ष दिल्लीत मिळते. आर. के. पुरमनजीक चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पतियाळा संस्थानची 1907 सालची एकरुळी गाडी जतन केलेली आहे. एका रुळावर धावणारी आणि बाजूच्या रस्त्यावरून फिरणाऱ्या मोठ्या चाकाने तोल सांभाळणारी ही गाडी एखाद्या चित्रकाराचे स्वप्नच वाटावी. पण आरंभी तिला खेचरे जुंपली जात. इंजिन मागाहून आले. स्टीमपंक शैली बहुधा इंजिन रेखाटते आणि खेचरे विसरते.

मराठी अ‍ॅनिमेशनकारापुढे तर गिरणगाव आहे. मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना 1854 साली झाली. 1982च्या संपाने ते जग मोडले. भोंगा, धुराडे, पाळीवरून परतणारी चाळ हे सारे त्यात आहे. लंडनचे मनोरे उसने आणण्याऐवजी या वाफेकडे पाहिले, तर ही शैली येथे अनुकरण राहणार नाही. ती स्मृतीचे रूप घेईल.